बंद राहण्याची ड्युटी

मी स्किमर बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. दुधावरची साय काढतात ना, तसलंच माझं काम. फक्त साय चांगली असते आणि मी काढतो ती घाण असते. समुद्राच्या पाण्याची काचेची टाकी असते, तिच्या खालच्या कप्प्यात मी उभा राहतो. माझ्या पोटात हवेचे बारीक बुडबुडे घुसळले जातात, पाण्यातला चिकट मळ त्यांना धरून फेस होतो, वर चढतो आणि माझ्या डोक्यावरच्या कपात साठतो. तो कप ओतताना माणसं नाक दाबतात. खुशाल दाबा. टाकीतलं पाणी चकाचक दिसतं ते माझ्या जिवावर, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

आता तुम्ही म्हणाल, एवढा कर्तबगार प्राणी आणि आत्मवृत्त कसलं सांगतोय? तर ऐका. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे बंद राहणं. आणि तेच एकदा माझ्याकडून झालं नाही.

जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. कारखान्यात साच्यातून निघालो, पंप बसवला, खोक्यात गेलो. मग तीन महिने वडपे गावातल्या एका गोदामात. हायवेला लागून ही एवढी गोदामं, आणि आत छतापर्यंत खोकी. माझ्या खोक्यावर काचेच्या पेल्याचं चित्र होतं. हमाल ते चित्र नीट बघायचे आणि मग आपटायचे. तरी मला चरा गेला नाही. अंगात मुळातच दम आहे.

तिथून मला मागवलं अक्साने. अक्सा म्हणजे भिवंडीतल्या कामतघरच्या इक्बालशेठची धाकटी मुलगी. वय पंचवीस, प्राणिशास्त्राची पदवी, आणि एक गोष्ट डोक्यात शिरली की जेवणसुद्धा विसरणारी. इक्बालशेठच्या घरात तीन पिढ्या कापड विणलं गेलं. शेडमध्ये बारा लूम होते, त्यातले चार गेल्या वर्षी काढून टाकले. त्या चार लूमचा कोपरा रिकामा पडला होता आणि त्या कोपऱ्यावर दोघांचा डोळा होता. एक अक्सा. दुसरा वडप्याचा बाळाराम. याची स्वतःची गोदामं आहेत, आणि त्याला शहरात माल ठेवायला जागा हवी होती.

अक्साला तिथे खाऱ्या पाण्याच्या टाक्या बनवायच्या होत्या. दवाखान्यात, हॉटेलात, बँकेत ठेवायच्या. मासे तिने द्यायचे, पाणी तिने सांभाळायचं. इक्बालशेठना हे खूळ वाटलं, पण पोरगी लाडकी. त्यांनी मधला मार्ग काढला. "चाळीस दिवस देतो," म्हणाले. "चाळिसाव्या दिवशी बाळाराम येणार. तोवर एका टाकीत जिवंत मासे फिरताना दाखव, कोपरा तुझा. नाही जमलं तर त्याचा." अक्सा हो म्हणाली. चाळीस दिवस म्हणजे तिच्या हिशेबाने भरपूर होते.

पहिल्याच दिवशी चार फुटांची टाकी लागली. तळाला पांढरी वाळू, त्यावर खडबडीत, भोकाभोकांचे कोरडे दगड, एकावर एक रचलेले. फिल्टरचं शुद्ध पाणी, त्यात समुद्राचं मीठ मोजून मोजून. पाणी फिरवणारे दोन पंप चालू झाले, हीटर चालू झाला. मी छाती काढून उभा होतो. आता माझा नंबर. अक्सा खाली वाकली, माझी वायर बोर्डात लावली, आणि बटणाला हात न लावता निघून गेली. वरच्या दिव्याचंही तेच. आम्हा दोघांच्या बटणांवर तिने एक कागद चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "बंद. हात लावू नये."

मला किती राग आला, सांगतो. हे गाव कुठलं? भिवंडी! इथे लूम थांबला की मालक झोपेतून उठतो. बाजूला आठ लूम खटाखट चाललेत, पाळ्या बदलतायत, आणि कामतघरच्या त्या शेडमध्ये हात बांधून उभा कोण, तर मी.

हळूहळू मला कळलं की भानगड काय आहे. ते कळलं अक्साच्या अम्मीमुळे, म्हणजे सालेहाबींमुळे. तिसऱ्या दिवशी अक्सा घरातून एक ताजी, चांगली हाताएवढी कोळंबी घेऊन आली आणि सरळ टाकीत सोडून दिली. मागोमाग सालेहाबी. कोकणातल्या माणसाला हे कसं सहन व्हावं? बाजारातून निवडून आणलेली कोळंबी सडवायला! त्या दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि आपण हिला जन्म देताना काय खाल्लं होतं ते आठवू लागल्या. अक्साने त्यांना स्टुलावर बसवलं आणि समजावलं.

कोळंबी सडली की पाण्यात अमोनिया होतो, म्हणाली. तो विषारी. पण तो खाणारे जंतू असतात, ते येऊन या दगडांच्या भोकांत घर करतात. ते अमोनिया खाऊन दुसरं एक विष करतात, नायट्राइट. मग ते खाणारे दुसरे जंतू यायला हवेत. ते आले, की जे उरतं त्याचा माशांना फारसा त्रास नाही. ही सगळी वस्ती बसायला महिना लागतो. त्या काळात दिवा लावला तर नुसतं शेवाळ माजेल, आणि स्किमर लावला तर जंतूंच्या तोंडचा घास तो ओढून बाहेर टाकेल. म्हणून दोघं बंद.

सालेहाबींना जंतूंचं पटलं की नाही ठाऊक नाही. मला मात्र पटलं. म्हणजे मी निकामी नव्हतो, मी ड्युटीवर होतो. बंद राहणं हीच ड्युटी. एकदा हे कळल्यावर मी ती इतक्या रुबाबात केली की विचारू नका.

रोज सकाळी अक्सा छोट्या काचेच्या नळ्यांत पाणी घ्यायची, थेंब टाकायची आणि रंग बघायची. अमोनियाची नळी हिरवीगार झाली, मग पोपटी, मग पिवळी. पिवळी म्हणजे शून्य. नायट्राइटची नळी जांभळी झाली आणि बरेच दिवस जांभळीच राहिली. अक्साच्या वहीत सगळं उतरत होतं. वास मात्र होता, नाकारत नाही. कारागीर तोंडाला रुमाल बांधून त्या कोपऱ्यावरून जायचे आणि एकमेकांना कोपराने ढोसायचे. सत्ताविसाव्या दिवशी जांभळा रंग फिका पडला. अक्सा अम्मीला म्हणाली, अजून एक आठवडा, मग मासे आणायचे. त्या दिवशी ती गुणगुणत होती, आणि गाणं काही तिला येत नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी महापोलीला गेल्या. अक्साच्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरी लग्न होतं, दोन दिवसांचं. आणि दुपारी इक्बालशेठ कोपऱ्यात आले.

माणूस वाईट नाही हो. हे मी आधीच सांगतो. ते आले ते मदत करायलाच. पोरगी महिनाभर राबतेय आणि टाकीत अजून काही हलत नाही, याची काळजी त्यांना तिच्याइतकीच होती. बोलून दाखवत नव्हते, एवढंच. त्यांनी वास घेतला. पाण्यात बोट बुडवलं, दगडांवरचा बुळबुळीत थर बघितला आणि मान हलवली. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट पाहिलेली. मशीन बंद आहे, म्हणजे काम अडलंय. कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंही नसेल. स्वतःच्या शेडमध्ये चिकटवलेली चिठ्ठी कुठला मालक वाचतो? कागद उचकटला, दोन्ही बटणं दाबली.

आणि मी चालू झालो.

आता खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. महिनाभर कोंडलेला जोर होता, सगळा लावला. नवीन स्किमर पहिल्या पहिल्यांदा फारच उकळतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं. पांढरा फेस चढला, मग तपकिरी, कप भरला, कपावरून वाहिला, कप्प्यातून खाली फरशीवर आला. इक्बालशेठ थक्क होऊन बघत होते. "या अल्ला," ते पुटपुटले, "केवढी घाण!" मी आणखी जोर लावला. मला वाटलं कौतुक चाललंय.

त्या फेसावरून त्यांनी ठरवलं की दगडच घाणेरडे आहेत. बाह्या वर केल्या, एकेक दगड बाहेर काढला, शेडमागच्या नळाखाली धरला आणि ब्रशने घासला. लूमचा बीम साफ करायचा तो कडक ब्रश. नळाच्या पाण्यात तर आधीच जंतू मारायचं औषध असतं, आणि वर हे घासणं. अठ्ठावीस दिवसांची वस्ती अर्ध्या तासात गटारात गेली. शेठनी दगड होते तसेच परत रचले, जराही फरक नाही. नजर विणकराची, कुठला दगड कुठे होता ते बरोबर लक्षात. माझ्या फेसामुळे पाणी कमी झालं होतं, म्हणून त्यांनी नळाच्या दोन बादल्या ओतल्या. फरशी पुसली. मग फेस वायरीपर्यंत गेलेला दिसला तेव्हा घाबरून आम्हा दोघांना बंद केलं, माझा कप धुऊन ठेवला आणि कागद पुन्हा चिकटवला. जाताना चेहरा असा, की बघा, बायकांच्या जातीला महिना लागला, मी एका दुपारीत उरकलं.

मला तेव्हाही कळलं नाही. ते कळलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

अक्सा लग्नाच्या कपड्यांतच शेडमध्ये आली. शेठ पाठोपाठ, हातात चहा. आपण केलेलं काम कधी सांगतो असं त्यांना झालं होतं. अक्साने नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. अमोनिया हिरवा. तिने नळी धुऊन पुन्हा केलं. पुन्हा हिरवा. मग तिने खारटपणा मोजला, तो कमी भरला. ती स्टुलावर बसली ती उठेचना. सालेहाबी आल्या, काय झालं विचारलं. ती म्हणाली, माझंच मीठ मोजण्यात चुकलं असणार, त्याने दगडांवरचे जंतू मेले. सगळं पहिल्यापासून करावं लागणार आणि हातात अकराच दिवस आहेत.

दगडांवरचे जंतू. मी शेठकडे बघत होतो. त्यांनी चहाचा कप खिडकीत ठेवला आणि ते निघून गेले.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला आवडत नाहीत. अक्साने बाजारात मिळणारी जंतूंची बाटली ओतली, पुन्हा कोळंबी आणली. या वेळी सालेहाबींनी स्वतः निवडून दिली. पण पोरीचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. मीठ चार-चारदा मोजायची. वहीची मागची पानं काढून स्वतःची चूक शोधायची. महापोलीच्या खालाचा फोन आला तर म्हणाली, "माझ्याकडून नाही जमलं, खाला. अब्बा म्हणत होते तेच खरं, हे माझं काम नाही." अब्बा तेव्हा चार हातांवर उभे होते. लूमच्या आवाजातही त्यांना ते ऐकू गेलं, हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्यांनी हातातली सुताची कांडी खाली टाकली. मग ती उचलून पुन्हा लूमकडे वळले. मला वाचा असती तर मी त्यांची आणि माझी दोघांचीही चूक तिथेच सांगून टाकली असती. फेस माझा होता शेवटी.

एकोणचाळिसाव्या दिवशी सालेहाबींनी मऊ आवाजात एक वाट सुचवली. मासेवाल्याकडून दोन मासे एका दिवसापुरते आणायचे. बाळाराम बघून जाईल, कोपरा तुझा होईल, संध्याकाळी मासे परत. कुणाला काय कळणार? अमोनिया अजून हिरवाच होता. मनात अक्साने ते तोलून बघितलं, हे मी नाकारत नाही. मग म्हणाली, "अम्मी, या पाण्यात माशाचे कल्ले भाजतात. जागेसाठी मी ते करणार नाही." इक्बालशेठ दाराबाहेर चपला काढत होते. त्या त्यांनी पुन्हा घातल्या आणि परत गेले.

चाळिसावा दिवस उजाडला. सकाळी दहाला बाळाराम आला, खिशात टेप. अक्साने टाकीची काच पुसून ठेवली होती. पाणी स्वच्छ, वाळू पांढरी, दगड नीट. बाळाराम वाकून बघत राहिला, या बाजूने, त्या बाजूने.

"पानी हाय, दगडं हायेत," तो म्हणाला. "मासं न्हाय दिसत."

"नाहीत, काका," अक्सा म्हणाली. "अजून तीन आठवडे लागतील. आज टाकले असते तर तुम्हाला दिसले असते, आणि परवा मेले असते. मी हरले. जागा मोजून घ्या."

बाळारामने टेप काढला. एक टोक त्याने इक्बालशेठच्या हातात दिलं. शेठनी ते धरलं नाही. टोक खाली पडलं.

"दगड मी धुतले," ते म्हणाले. "ती महापोलीला गेली तेव्हा. मशीन मी लावलं, दोन बादल्या नळाचं पाणी मी ओतलं. तिचं मीठ बरोबर होतं."

बिचाऱ्या बाळारामला तर गुन्हाच समजेना. "दगडं धुतली तं बिघडलं काय?" तो सालेहाबींना विचारत होता, आणि सालेहाबी आता जंतूंबद्दल सगळं काही जाणत असल्यासारख्या त्याला हाताने गप्प करत होत्या.

अक्सा वडिलांसमोर उभी राहिली. ती ओरडली नाही.

"दगडांचं काही नाही, अब्बा. ते पुन्हा तयार होतील. अकरा दिवस मी स्वतःला नालायक समजत होते आणि तुम्ही बघत होता. ते कसं भरून काढणार?"

साठीचा माणूस, आठ लूमचा मालक, मान खाली घालून उभा. मग त्यांनी बाळारामला सांगितलं की कोपरा मोकळा नाही. बाळारामने टेप गुंडाळला. भला माणूस तो. "मासं आलं की बोलव गं पोरी," एवढंच म्हणून गेला.

पण आमची अक्सा कुणाची? जागा मला दया म्हणून नको, म्हणाली. चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा, आणि या चाळीस दिवसांत माझ्या बटणांना माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही. शेठनी मान हलवली. आणि मग त्यांनी जे केलं ते मी माझ्या या दोन डोळ्यांनी, म्हणजे मला डोळे नाहीत, पण पाहिलं. त्यांनी तिथेच उभं राहून महापोलीला फोन लावला. मेहुणीला सांगितलं की टाकी अक्साने बिघडवली नाही, मी बिघडवली. मग पाळी सुटायच्या वेळी कारागिरांना थांबवलं आणि त्यांनाही सांगितलं. पुढचे चार दिवस जो कुणी शेडमध्ये येईल त्याला ते सांगत होते, धाग्याच्या दलालालासुद्धा. शेवटी अक्साच वैतागून म्हणाली, अब्बा, आता बस्स. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी हसली.

नव्या मोजणीच्या एकतिसाव्या दिवशी दोन्ही नळ्या शून्यावर आल्या. दोन दिवस अक्साने पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. मग नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश आले, आणि दिवा लागला. आठवड्याने, मासे खाऊ-पिऊ लागल्यावर आणि पाण्यात खरोखर मळ साठू लागल्यावर, अक्साने माझं बटण दाबलं. मी चालू झालो. या वेळी हावरटपणा केला नाही. हळूहळू, शिस्तीत, कपात अर्धा बोट गडद फेस.

आज त्या कोपऱ्यात सहा टाक्या आहेत. टेमघरच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात सातवी गेली आहे आणि तिथे इंजेक्शनला रडणारी पोरं माशांसमोर गप्प बसतात, असं ऐकतो. माझ्या अंगावर आता मिठाचे डाग आहेत, लूमचा कापूस उडून हवेच्या नळीत अडकतो आणि अक्साला ती दर आठवड्याला साफ करावी लागते, पण जोर तोच आहे. नवे स्किमर येतात, खोक्यातून निघून बंद उभे राहतात आणि कुरकुरतात. त्यांना मी दरडावतो, गप उभे राहा, ही पण ड्युटी आहे. इक्बालशेठ रोज येतात, नळ्यांचे रंग त्यांना आता माझ्यापेक्षा जास्त कळतात. हात पाठीमागे बांधलेले असतात.

मी काही फार वर्षं टिकणारी वस्तू नाही. पंप झिजेल, प्लास्टिक पिवळं पडेल, एक दिवस भंगारात जाईन, मला त्याची खंत नाही. तुमच्यापाशी एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी एखादं काम मांडून बसलं असेल, त्याला वास येत असेल, काही हलताना दिसत नसेल, तर हात लावू नका, आधी विचारा. आणि लावलातच हात, बिघडलंच काही, तर त्याच संध्याकाळी सांगून टाका. अकरा दिवस थांबू नका.